कापणीच्या आधी कुणीतरी बोलवा

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या वेळी इंजेक्शनची सुई वापरून फेकून देत नसत. काचेची सिरिंज आणि सुया पातेल्यात टाकायच्या, स्टोव्हला पंप मारायचा आणि पाणी उकळायची वाट बघायची. तेवढ्या वेळात करायचं काय? पेशंट बोलायचे, आमची आयाबाई काशीबाई बोलायची, आणि मी तर बोलायचेच. सुया उकळून निघेपर्यंत एखादा किस्सा शिजून तयार! हल्ली सुया पाकिटातून येतात. म्हणूनच की काय, आजकालच्या सिस्टर पोरींकडे सांगायला काही नसतं.

मी केळव्याची. बाबांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. मॅट्रिक झाले आणि नर्स व्हायचं डोक्यात घेतलं. शाळेतल्या बाईंकडून प्रथमोपचाराचं पुस्तक आणलं, पण पट्टी बांधायची कुणाला? आई उभी राहायची नाही, भाऊ पळून जायचा. मग मी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि वाडीतल्या केळीच्या घडांना पट्ट्या बांधायला सुरुवात केली. एकाला कोपराची, एकाला डोक्याची, एकाला गुडघ्याची.

दुसऱ्या दिवशी पालघरचा व्यापारी माल बघायला आला. त्याने ते घड बघितले आणि चपला घालायला लागला. म्हणाला, "पांडूशेठ, रोग पडलाय तर आधी सांगायचं ना."

बाबांनी त्याची समजूत घातली. मी माडाच्या आड उभी होते. आता मार बसणार याची खात्री होती. बाबा एका घडापाशी गेले, माझी गाठ दोन बोटांनी हलवून बघितली, सोडली आणि पानवेल आधाराच्या शेवरीला बांधतात तशी पुन्हा बांधली. वेल आवळायची नाही आणि वाऱ्याने सुटायचीही नाही, अशी त्यांची गाठ असे.

"सैल बांदलीस," बाबा म्हणाले. "अशी पट्टी बांदलीस तर तुला आस्पिटलात कोन घेनार?"

*

घेतलं. मुंबईतल्या एका नर्सिंग स्कूलची मुलाखत होती. मेट्रनबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, बाहेर बाकावर आम्ही मुलींची रांग. आतून येणारी प्रत्येक मुलगी सांगत होती, "नर्स का व्हायचंय म्हणून विचारतात, मी सेवा म्हटलं." म्हणजे सगळ्यांनीच सेवा म्हटलं होतं. मी पण तेच घोकत बसले. बसले कसली, बाकावरून उठत होते, खिडकीशी जात होते, परत येत होते.

मेट्रनबाईंनी दारातून ते बघितलं असावं. आत गेल्यावर विचारलं, "नर्स का व्हायचंय?"

माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "मला बसून राहवत नाही."

मेट्रनबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "मग बरोबर जागी आलीस. इथे बसायला खुर्चीच देत नाही."

*

बसायला दिलं नाही हे खरं, पण पळायलाही दिलं नाही. नर्सने वॉर्डात पळायचं नाही, असा कडक नियम. पळायचं फक्त दोनदा, आग लागली तर आणि पेशंटला रक्तस्राव झाला तर. मी सकाळपासून पळायचे. शेवटी मेट्रनबाईंनी शिक्षा दिली. पाण्याने काठोकाठ भरलेलं बेसिन हातात घेऊन व्हरांड्यातून ये-जा करायची, थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. साऱ्या वॉर्डाची करमणूक झाली. पेशंट पैजा लावायचे.

चालायला शिकले एकदाची. मग एका दुपारी बाळंतिणीच्या वॉर्डातून ओरड आली. एका बाईला फार रक्त जात होतं. मेट्रनबाईंनी मला सामान आणायला पिटाळलं. मी ट्रे घेऊन निघाले, पाठ ताठ, पाऊल सावकाश, अगदी शिकवल्याबरहुकूम. मागून मेट्रनबाईंचा आवाज आला, "अगं बये, आता तरी पळ!"

ती बाई वाचली. बाळंतपणं कशी करायची ते मी त्याच वॉर्डात शिकले, आणि तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटेना.

*

पहिली नोकरी लागली बोईसरच्या दवाखान्यात. ती घराजवळ म्हणून बाबांनी जाऊ दिलं, पण अट घातली. सफाळ्याचं एक स्थळ आलं होतं, त्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. बाबा म्हणाले, "भाताची कापनी होईस्तोवर बघ. लोक तुला बालंतपनाला बोलवाय लागले तर मी सफाल्याच्या लोकांना नाय सांगेन. नाय बोलावलं तर तू घरी ये."

वाजवी वाटली अट. आसपास इतके पाडे, इतक्या बायका, कुणीतरी बोलवेलच की! भात तेव्हा गुडघ्याएवढं होतं आणि हिरवंगार होतं.

*

दवाखान्यात गर्दी तुडुंब असायची, पण बाप्यांची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. कुठून कुठून मजूर आले होते. कुणाला खिळा लागलेला, कुणाला खरूज. आमच्याकडे या सगळ्यावर एक जांभळं औषध होतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे आणि मी कापसाच्या बोळ्याने रंगवायचे.

हळूहळू ज्यांना काहीच झालेलं नाही असे लोक यायला लागले. धडधाकट माणूस हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "बहनजी, थोडा बैंगनी लगा दो." काशीबाईने चौकशी केली तेव्हा कळलं, की जांभळा डाग दाखवला की मुकादम हलकं काम देतो. डॉक्टर चिडले. त्यांनी जांभळं बंद करून लाल औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रांगेतला पहिलाच म्हणाला, "बहनजी, आज से लाल वाला चलता है क्या?"

त्या आठवड्यात मुकादम स्वतः आला. वाटलं, भांडायला आला. त्याने इकडेतिकडे बघितलं, सदऱ्याची कॉलर बाजूला केली आणि हळूच म्हणाला, "थोडा इधर भी. ठेकेदार को दिखाना है."

*

बाप्ये असे येत होते आणि बाई एकही येत नव्हती. मी पिशवी घेऊन पाड्यापाड्यावर फिरायला लागले. बायका चहा द्यायच्या, केसांचं कौतुक करायच्या, पोरांची खरूज दाखवायच्या. बाळंतपणाचं काढलं की एकमेकींकडे बघायच्या. शेवटी खाडीकडच्या पाड्यावरच्या जानकीआजीने सांगितलं. ती तिथली मानाची म्हातारी, तिचा शब्द शेवटचा. म्हणाली, "तू कुवारी. कुवारी पोर बालंतिनीच्या खोलीत जात नाय. लगीन करून ये, मंग बघू."

म्हणजे नोकरी टिकायला लग्न हवं आणि लग्न केलं की नोकरी जाणार! मी हसले, पण त्या दिवशी परत येताना भाताकडे बघितलं तर लोंब्या बाहेर पडत होत्या.

तरी मी हट्ट सोडला नाही. त्याच पाड्यावर एक बाई अडलीय असं कळलं तशी धावत गेले. दारातच मला अडवलं, पण परत नाही पाठवलं. "तू पानी तापव," बायका म्हणाल्या. मला वाटलं, चला, सुरुवात झाली. मी अंगणात चूल पेटवून हंडा चढवला. पाणी उकळलं, आत नेलं. "अजून तापव." तेही नेलं. "अजून तापव." डोळे धुराने लाल, लुगडं काळं, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, एवढं पाणी लागतंय म्हणजे केस अवघड आहे, आता मला बोलावतीलच.

आतून बाळ रडलं. थोड्या वेळाने जानकीआजी बाहेर आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, तुज्या पान्यावर सगल्यांचा भात झाला. बस, जेवून जा."

*

काशीबाई म्हणाली, "तुला अक्कल नाय. नवरा ममईला हाय म्हनून सांगायचं. कोन बघाया जातंय?"

मला ते पटलं. भात पिवळं पडायला लागलं होतं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढच्या खेपेला पाड्यावर गेले आणि सांगून टाकलं, माझं गेल्या वर्षीच लग्न झालंय, साहेबांचा नियम म्हणून आम्ही नर्स गळ्यात काही घालत नाही. बायका खूश झाल्या. माझ्याभोवती गोल करून बसल्या आणि म्हणाल्या, "मंग नाव घे."

नाव घेण्याचा विचारच केला नव्हता. नवऱ्याचं नाव काहीही चाललं असतं, पण त्या क्षणी जगातलं एक नाव आठवेना. लहानपणापासून माझ्या नावापुढे जे लागत आलं तेच तोंडातून बाहेर पडलं. "पांडुरंग."

बाबा मला भेटायला येत तेव्हा केळीचा घड घेऊन येत, आणि मी दवाखान्यात नसले की शोधत थेट पाड्यावर जात. तिथल्या सगळ्या पोरांनी त्यांची केळी खाल्ली होती. जानकीआजीने पदर तोंडाला लावला.

"पांडुरंग तर तुजा बापूस," ती म्हणाली, आणि मग त्या बायका जमिनीवर लोळायच्या तेवढ्या राहिल्या.

त्यानंतर मी पाड्यावर गेलेच नाही. लाज वाटायची, आणि राग यायचा. दवाखान्यात पातेली घासून घासून पातळ केली. बाबा आले, खाटेवर टेकले आणि विचारलं, "बोलावलं का कोनी?" मी नाही म्हटलं. त्यांनी केळी ठेवली, बाहेर शेतांकडे बघितलं आणि गाडी पकडली.

*

कापणी सुरू झाली. सफाळ्याची मंडळी रविवारी दुपारी माझ्या क्वार्टरवरच मुलगी बघायला यायची ठरली. मी सकाळी खोली सारवत होते. हात सारवत होता, पण माझं लक्ष ट्रंकेकडे होतं. ती आता भरायचीच होती.

दारात जानकीआजी उभी. चालून चालून तिला दम लागला होता. "माजी सून अडलीय," ती म्हणाली. "सुईन तिच्या लेकीकडं गेलीय, लांब हाय. तू चल."

मी हात धुतले, पिशवी घेतली. झोपडीच्या दाराशी बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली शेजारची एक तर स्वतःच दिवस भरलेली, कंबरेवर हात ठेवून कण्हत होती. सगळ्यांनी दार अडवलं. "आजी, ती कुवारी हाय. खोटं बोल्ली होती."

जानकीआजी त्यांच्यावर ओरडली नाही. आत गेली आणि काळ्या मण्यांची एक कोरी पोत घेऊन आली. धाकट्या लेकीच्या लग्नासाठी आणून ठेवलेली होती. ती देवापुढे टेकवली, माझ्या गळ्यात घातली आणि मागे गाठ मारली.

"आता कुवारी नाय," ती बायकांना म्हणाली. "सरा."

बायका सरल्या! मी आत गेले. बाळाच्या मानेभोवती नाळ होती. शिकवलं होतं तसं बोट घालून ती सोडवली आणि पोर बाहेर आलं. ते निळं होतं, गप्प होतं. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, आणि इतकी घाबरले होते की त्याच्याबरोबर माझाही श्वास थांबला होता. मग ते रडलं. मीही रडले. बाळंतीण नीट आहे ना, रक्त थांबलंय ना, ते बघून मगच उठले.

क्वार्टरवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लुगड्यावर डाग, केस सुटलेले. पाहुणे मी विसरूनच गेले होते. खोलीत मुलाची आई आणि मामा पोहे खात बसले होते. बाबा कोपऱ्यात, काशीबाई स्टोव्हपाशी.

मामांचा चमचा तोंडाजवळ थांबला. मुलाच्या आईने माझ्या गळ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "हे काय?" त्या म्हणाल्या. "लग्न झालेली मुलगी दाखवता आम्हाला?"

तेव्हा माझा हात गळ्याशी गेला. बाबाही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मी घाईघाईने मागची गाठ सोडली, पोत हातात घेतली आणि सगळं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दाराशी पाड्यावरचा, जानकीआजीच्या शेजारचा एक माणूस धापा टाकत आला. आत एवढी मंडळी बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाय," तो म्हणाला, "माज्या बायकोच्या पन कला चालू झाल्या. ती बोलते, सुईन नको, तीच बाय आन. आजी बोल्ली, पोत घालून ये."

मी बाबांजवळ गेले, पोत त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली बसले.

"बाबा, गाठ मारून द्या."

बाबांनी धोतराला हात पुसले. मुलाची आई उठून उभी राहिली तरी त्यांनी वर बघितलं नाही. त्यांची बोटं माझ्या मानेवर सावकाश फिरली, पानवेल बांधताना फिरायची तशी. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती दोन बोटांनी हलवून बघितली.

"सैल नाय ना झाली?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं, पिशवी उचलली आणि पळत सुटले.