व्हीनसला न्यायला अमडापूरला गेलो होतो

या ब्लॉगवर मी एरवी ताज्या सहलींचं लिहितो. कुठे उतरलो, काय खाल्लं, रस्त्याची कशी वाट लागलीय. गेल्या आठवड्यात एका वाचक बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही मूळचे बुलडाण्याकडचे, मग तिकडचं एकही प्रवासवर्णन कसं नाही?" बाईंनी नेमकी खपली काढली. एक प्रवास आहे, महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाचा. तो लिहायला बसलो की मी उठून गच्चीवर चकरा मारायला लागतो, म्हणून राहून गेला. आज बूड टेकवून लिहूनच टाकतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात उमेदवार होतो. काम काय, तर गेलेल्या साहेबांची झुंबरं पुसायची आणि शेटजींचा चहा आणायचा. गावाकडे वडिलांना मात्र मी नोकरीत पक्का झालो म्हणून केव्हाच कळवून बसलो होतो. खोटं बोलायला मला फार विचार करावा लागत नसे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकानात काचेच्या कपाटात एक वीतभर उंचीचा बाहुला होता. चिनी मातीचा, शिरस्त्राणावर तुरा, हातात ढाल, गाल मात्र गुलाबी. हा मार्स, जुन्या रोमन लोकांचा लढाईचा देव. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात असे देव-देवींचे बाहुले भट्टीत भाजून, रंगवून काढत. श्रीमंतांच्या मेजावर गोडाच्या वेळी ते मांडायचे म्हणे. आपण नैवेद्य देवापुढे ठेवतो, यांनी देवच नैवेद्यापुढे ठेवले!

एके दुपारी शेटजींनी एका जाड पुस्तकात त्याच्या जोडीदारणीचं चित्र दाखवलं. व्हीनस, प्रेमाची देवी. पायाशी पंखवालं पोर, तो तिचा मुलगा क्युपिड. मी ओरडलोच, "अहो, ही तर आमच्या आत्याकडची भुलाबाई!"

शेटजींनी चष्मा काढला. "एकट्याची किंमत जोडीच्या अर्धी पण नाय, पाव. तिला घेऊन ये. दिवाळीपासून तू पक्का."

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. रात्री तेच पुस्तक वाचलं आणि त्यात एक भलतीच गोष्ट निघाली. मार्स हा व्हीनसचा नवरा नव्हेच. नवरा वेगळा, व्हल्कन नावाचा लंगडा लोहार. हा मार्स म्हणजे तिचा यार! कारखानदारांनी मात्र खपतं ते बघून दोघांची जोडी लावून दिली होती. मी पुस्तक मिटलं. आपल्याला काय करायचंय, म्हटलं.

दोन बाहुल्या खरोखर जोडीच्या आहेत का, हे तळ बघून कळतं, म्हणून शेटजींनी मार्सला माझ्याबरोबर दिला. दोन धोतरं, तीन टॉवेल यात गुंडाळून तो पत्र्याच्या ट्रंकेत घातला आणि बोरीबंदरला नागपूरची गाडी पकडली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गाडीने गचका दिला की मी ट्रंक उघडून बघायचो. समोरचे गृहस्थ शेवटी म्हणाले, "काय हो, आत कोंबडं हाय का?"

सकाळी मलकापूर. (तुम्हीही इथेच उतरा, बुलडाण्याला एसटी मिळते.) स्टेशनाबाहेर गरम भजी आणि मिरच्या खाल्ल्या, पण उभ्यानेच. एसटीत ट्रंक टपावर टाकायला कंडक्टर हटून बसला, मी ती मांडीवर घ्यायला. जिंकलो मी, पण राजूर घाट चढेपर्यंत मांड्या बधिर झाल्या. अश्विनातला घाट काय हिरवा असतो, लोक त्यासाठी मुद्दाम जातात. मी घाटात वळणं मोजत होतो. चिखलीला दोन तास गाडी नव्हती. कापसाच्या बाजाराला तीन फेऱ्या मारल्या, नको असताना दोन चहा प्यायलो. शेवटी खामगावकडे जाणारी एसटी आली आणि ऊन कलल्यावर तिने मला अमडापूरला सोडलं.

आत्या भाजी निवडत ओट्यावर बसली होती. मला बघून तिचा हात थांबला. "काऊन रे, असा अचानक? नोकरी गितली का काय?"

"नाही वं आत्या. सहज आलो."

"मुंबईवरून सहज कोणी येते का? बस. भाकर खाय आंधी."

ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचा. या जेवणासाठी आजही मी सहा तास एसटीत बसेन. त्या दिवशी मात्र घास हातात आणि नजर आतल्या पाटावरच्या भुलाबाईवर.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मुली भुलाबाई आणि भुलोजी मांडतात. म्हणजे पार्वती आणि महादेव, मातीचे. रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. गाण्यांत सगळं सासर-माहेर. आत्याकडची भुलाबाई मात्र विलायती. तिचे आजेसासरे खामगावला कापसाच्या जिनिंगच्या एका साहेबाकडे कामाला होते. मडम मायदेशी जाताना ही बाहुली त्यांच्या हातात देऊन गेली. बाई वरून उघडीच, तेव्हा या घरच्या बायकांनी तिला लुगडं शिवलं आणि ती भुलाबाई झाली. पंखवालं पोर पायाशी होतंच, तो गणोबा. भुलोजी तेवढा दरवर्षी कुंभाराकडून मातीचा आणायचा.

दिवेलागणीला आत्याची धाकटी सुमी आणि गल्लीतल्या पाच-सहा पोरी जमल्या. गाणी झाली. मग झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायचा खेळ. सुमीने डबा माझ्या कानाशी खुळखुळवला. "सांग बरं दादा, काय हाय?"

"फुटाणे."

"हुकला! हुकला!" उकडलेल्या शेंगा निघाल्या. दादाला काहीच ओळखता येत नाही म्हणून पोरी खिदळत होत्या.

सकाळी मी विषय काढला. आत्या, शेटजी मोल देतात, चांगलं देतात. आत्या पीठ मळत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही. "लेकीचं मोल घेते का रे कोणी?"

मला धरणी ठाव देईना. सबंध गावाला एक चक्कर मारली, टेकडीवरच्या देवीपर्यंत जाऊन आलो, तरी पाय थांबेनात. आल्यावर, निदान तळ तरी बघून घ्यावा म्हणून ट्रंक उघडली. मार्सला उलटा केला. तळाला तीन काळसर डाग, मधे भोक. भट्टीत मातीच्या ज्या गोळ्यांवर तो उभा होता त्यांचे ते डाग. मग भुलाबाईला उलटं केलं. तेच तीन डाग, तेच भोक, बैठकीवर तीच निळी-पिवळी फुलं.

"आये! भुलोजी आला!" दारात सुमी उभी. "आपल्या बाईसारखाच हाय!"

दोन मिनिटांत गल्ली गोळा. एक म्हणाली, "बापा, जावई तं फौजदार हाय!" मातीचा भुलोजी कोनाड्यात गेला, कारण एका पाटावर दोन नवरे कसे बसवायचे! मला हसू येईना आणि सांगताही येईना.

आत्या हात पुसत आली. आधी कोनाड्यातल्या मातीच्या भुलोजीकडे बघितलं, मग पाटावरच्या बाईकडे. "दरसाल त्याले नदीत सोडतो अन् हिले पेटीत टाकतो," ती म्हणाली. "दरसाल. मले काही बरं नाही वाटत." मग माझ्याकडे वळली. "हे तिचेच मालक ना रे? खरं सांग."

लंगडा लोहार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. जिभेवर आला होता, देवाशपथ.

"हाव, आत्या."

"मंग नेय. एकटीले पाठवलं नसतं. नवऱ्यासंग पाठवतो."

कोजागिरी होईपर्यंत मला थांबवून घेतलं. ते दोन दिवस मी निखाऱ्यावर काढले. पोरी मार्सला हळद लावत होत्या, ढाल पुसत होत्या, आणि माझा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. नवं निळं लुगडं, ओटीत तांदूळ आणि सुपारी, गणोबाच्या गालाला तीट. सुमी रडून रडून लाल झाली होती, माझ्याशी बोलेना. आत्या एसटीपर्यंत आली. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "दिवाळीले माहेरी आणजो. पह्यली दिवाळी हाय तिची."

"आणतो," मी म्हटलं.

मुंबईत शेटजींनी लुगडं दोन बोटांनी उतरवलं. साबणाच्या कोमट पाण्यात दोघांना बुडवून हळद-कुंकू, तीट, सगळं साफ केलं. तळाचे डाग भिंगाने बघितले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. दसऱ्यापासून ठरलेलं एक परदेशी गिऱ्हाईक आलं आणि आठ दिवसांत जोडी खोक्यात भरून बोटीवर गेली. खोकं खिळवलं मीच. दिवाळीला मी पक्का झालो. त्या दुकानात पुढे तीस वर्षं काढली, अशा शेकडो बाहुल्या हातांखालून गेल्या, आणि प्रत्येकीचा नवरा कोण हे मला विचारलं तर तोंडपाठ सांगत असे.

अमडापूरला मात्र गेलो नाही. रस्ता आता चांगला झालाय म्हणतात. तुम्ही जा, अश्विनात जा, भुलाबाई बसलेली असताना. मला त्या दाराशी काय तोंड घेऊन उभं राहायचं ते कळत नाही. लाज वाटते, साधी सरळ लाज.

त्या दिवाळीत सुमीच्या अक्षरात आत्याचं कार्ड आलं होतं. आम्ही वाट पाहून राह्यलो, पोरींनी अनारसे केले, कधी आणतो ते कळव. मी चार दिवस खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग लिहिलं की यंदा तिच्या सासरचे पाठवत नाहीत.

आठ दिवसांत उलट कार्ड आलं. शाई जरा फुटली होती. "चिरंजीवास आशीर्वाद. आम्ही समजलो. सुमीलेही समजावलं. तू तिच्या सासरच्यासंग भांडू नको. तू भांडून घरी येशीन, मांगून बोलणे तिले खा लागतात."