बिबड्यांचं ओलं फडकं

फाल्गुन सरत आला की आमच्या रसवंतीच्या अंगणात तीन वास एकमेकांत मिसळतात. निंबाच्या मोहोराचा कडसर गोडवा, चरकातून नुकत्याच निघालेल्या रसाचा हिरवा ओला दरवळ, आणि तीन दिवस भिजून आंबलेल्या ज्वारीचा तो उग्र, भूक चाळवणारा वास. लग्न होऊन जळगावात आले तेव्हापासून या तीन वासांनी मला ऋतू कळायचा. यंदा मात्र निंब मोहोरल्याची पहिली झुळूक खिडकीतून आत आली. हातातला चहाचा कप मी ओट्यावर ठेवला, खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ कडीवरचा हात काढला नाही. मला भीती वाटत होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, मुलांना पाली-झुरळांना घाबरू नका म्हणून बजावणाऱ्या बाईला एका झाडाच्या फुलांची भीती वाटावी, याचं हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

पिंप्राळ्याच्या मागच्या अंगाला, जिथे कॉलन्या संपतात आणि शेतांकडे जाणारा कच्चा रस्ता लागतो, तिथे माझ्या थोरल्या दिरांची रसवंती आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात. महाशिवरात्रीला चरकाला नवे घुंगरू बांधले जातात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत ते वाजत राहतात. पत्र्याची शेड, चार बाकडी, पाण्याचा एक हौद, आणि मागे एवढं मोठं अंगण की वसंतात अर्ध्या कॉलनीचा संसार तिथेच मांडलेला असतो. अंगणाच्या मधोमध तो निंब. त्याच्या खालच्या फांदीला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, कितीतरी आधीच झोका टांगला जातो, पोरी त्यावर उभ्याने झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि रस प्यायला आलेली गिऱ्हाइकं ग्लास संपला तरी उठायचं नाव घेत नाहीत. सकाळच्या वेळी हेच अंगण बायकांचं असतं, कारण घराच्या गच्चीवर चूल पेटवता येत नाही आणि बिबड्यांना, ज्वारीच्या त्या पापडांना, चुलीशिवाय चव नाही, असं अक्काचं ठाम मत.

अक्का म्हणजे नानांची बायको, माझी थोरली जाऊ. धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. मीही धुळ्याचीच, पण देवपुरातली, शाळा-कॉलेजांच्या सावलीत वाढलेली, पुस्तकी मराठी बोलणारी. मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तिने माझं नाव ‘मास्तरीण’ पाडलं आणि ते अजून पुसलेलं नाही. मी शाळेत जायची तेव्हा माझी जुई तिच्याकडे असायची. जुई तिला मोठी आई म्हणते, आणि ताप आला की आधी तिलाच हाक मारते. सुरुवातीला मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू? पुढे सवय झाली, आणि मग त्याचा आधारच वाटू लागला.

मागच्या वसंतात निंबाच्या पार शेंड्याजवळच्या फांदीला आग्यामोहोळ लागलं. सुपाएवढं, काळपट, आणि नीट निरखलं तर सबंध अंगावर शहारा आल्यासारखं लहरत जाणारं. नाना म्हणाले, मोहोळ उतरवणाऱ्यांना बोलावू. मी आडवी आले. माश्या डिवचल्याशिवाय कुणाच्या वाटेला जात नाहीत, त्या नसतील तर तुमच्या डाळिंबाला फळ धरणार नाही, असं चांगलं तासाभराचं व्याख्यान मी रसाच्या ग्लासावर झोडलं. नानांनी अक्काकडे पाहिलं. ती चिपाडं रचत होती. मान वर न करताच म्हणाली, “मास्तरीण सांगस ते खरंच व्हई. ऱ्हाऊ द्या.” तिच्या त्या एका वाक्यावर मोहोळ राहिलं. माझ्या शब्दाला या घरात एवढी किंमत आहे, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

बिबड्यांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. ज्वारीचं आंबलेलं पीठ तीळ, मिरची, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, सारखं ढवळत राहायचं, आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने ओल्या फडक्यावर थापायचं. फडकी म्हणजे जुनी धोतरं आणि विटलेली सुती लुगडी, खाटांवर ताणून अंथरलेली. मागच्या वर्षीच्या त्या सकाळी आम्ही आठ जणी होतो आणि पाच खाटा. कोवळं ऊन नुकतंच शेडच्या पत्र्यावर आलं होतं. मुलं वाटीत शिजलेलं पीठ आणि वर कच्च्या तेलाची धार घेऊन फुंकर मारत खात होती, जुई आपली वाटी चाटूनपुसून झोक्यावर चढली होती, आणि खाटांवर ओळीने पांढरी वर्तुळं उमटत चालली होती. इतकी सुंदर सकाळ मी अलीकडे पाहिलेली नव्हती.

चूल माझ्याकडे होती. जळणाला रसवंतीतलीच चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. तो दोन-चार दिवस उन्हात खडखडीत वाळला की भुरकन पेटतो. वाळलेली चिपाडं संपली. ढीग शेडच्या पलीकडे होता आणि पातेलं ढवळणं थांबवता येत नव्हतं, म्हणून मी हाताशी असलेली कालची, अजून ओलसर असलेली चिपाडं चुलीत सारली. दाट, पांढरा, गोडूस धूर उठला आणि वारा नसल्यामुळे सरळ झाडात शिरला. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या कमलताई डोळे चोळत म्हणाल्या, “शोभाताई, धूर फार होतोय हो. वर मोहोळ आहे.”

मी हसले. माझं ते हसणं मला नीट आठवतं. “धुराने माश्या गुंगतात, कमलताई. आठवीच्या मुलांना विचारा.” आणि आणखी एक ओंजळ चुलीत टाकली.

आधी आवाज आला. कुणीतरी दूरवर मोटर चालू केली असावी असा, मग जवळ, मग थेट डोक्यावर. मी वर पाहिलं तर फांदी दिसत होती, मोहोळ दिसत नव्हतं. ते सगळं हवेत होतं. इतकी वर्षं वर्गात ज्या आवाजाने चाळीस मुलं गप्प होतात, तो आवाज नेमका तेव्हा कुठे गेला मला माहीत नाही. ओरडल्या त्या कमलताई. “फडकी घ्या अंगावर! फडकी!” आणि बायकांनी खाटांवरची फडकी, थापलेल्या बिबड्यांसकट, ओढून घेतली. एकेका फडक्याखाली दोघी, तिघी. क्षणात अंगणात माणसं उरली नाहीत, नुसते पांढरे ओले ढिगारे उरले.

मीही एक धोतर ओढलं होतं. जुई झोक्यावर होती, आणि माझे पाय जागचे हलत नव्हते. तिच्याकडे धावली ती अक्का. तिने चालत्या झोक्यावरून तिला उचललं, पदरात गुंडाळलं आणि माझ्या अंगावर लोटून दिलं. मी धोतर आमच्या दोघींवर घेतलं आणि कडा गोळा करून मुठीत आवळल्या. फटीतून मला शेवटचं दिसलं ते असं की अक्का आमच्याकडे आलीच नाही. ती मागे फिरली, थापणाऱ्यांच्या हाताशी असलेली पाण्याची बादली उचलली आणि चुलीवर ओतली. धूर थांबवायचा, हे तिला सुचलं होतं. विज्ञान मला येत होतं.

फडक्याखाली अंधारलेलं, पांढुरकं, गरम होतं. केसांत चिकट पीठ ओघळत होतं. बाहेरून माश्या कापडावर आदळत होत्या, वळवाचे टपोरे थेंब आदळावेत तशा, आणि प्रत्येक आदळण्याबरोबर माझी मूठ घट्ट होत होती. मग एक हात आमच्या फडक्यावर पडला. चाचपडत, कड शोधत. “कोन शे मझार?” अक्काचा आवाज होता, आत घ्या म्हणणारा. “उघाडा वं... माले मझार ल्या!”

जुई माझ्या कानाशी म्हणाली, “आई, मोठी आई आहे.”

मी उघडलं नाही. जुईने माझी बोटं सोडवायला सुरुवात केली. आठ वर्षांच्या पोरीची ती इवली बोटं माझ्या मुठीखाली शिरत होती, एकेक बोट उचलत होती, आणि मी ते पुन्हा मिटत होते. वरून तो हात तीनदा कापडावरून फिरला. मग उठला. पळणारी पावलं ऐकू आली, आणि त्यामागून हौदातल्या पाण्याचा धप्पकन आवाज.

अक्का वाचली. कमलताईंनी तिथेच, ओल्या बाकड्यावर बसवून, कार्डाच्या कडेने तिच्या मानेतले, कपाळातले, हातांतले काटे एकेक खरवडून काढले, आणि रिक्षा येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. तीन दिवस ती दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी तिचा चेहरा असा सुजला होता की डोळ्यांच्या जागी दोन रेघा होत्या, आणि डॉक्टर नानांना बाजूला घेऊन बोलले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, अहो, पण तुम्हाला कुणी आत कसं घेतलं नाही? त्यावर ती म्हणायची, “डोया मिटेल व्हतात मन्हा. कोन कोठे व्हतं, काय म्हाईत.” सुजलेल्या ओठांमुळे तिचं हसणं आणि दुखणं सारखंच दिसायचं.

सगळ्याच फडक्यांखाली कुणी ना कुणी होतं. सगळीच फडकी पांढरी होती. मी त्यावर निभावून गेले. पुढे तर कॉलनीत त्या दिवसाची थट्टाही सुरू झाली, कुणाच्या अंबाड्यात किती बिबडे वाळले याची. मीही हसत होते. हसताना माझं लक्ष जुईकडे असायचं.

कारण तिला माहीत आहे. वर्षभरात ती त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही, माझ्याशी नाही, तिच्या बाबांशी नाही. ती संध्याकाळी अक्काकडे वेणी घालून घ्यायला जाते तेव्हा मी घड्याळ बघत बसते. परत आली की तिचा चेहरा वाचते. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. कड उघडली असती तर माश्या आत आल्या असत्या, पोर माझ्याजवळ होती, आई दुसरं काय करणार. कुणीही हे ऐकून मान डोलावेल. पण माझी मूठ वळली तेव्हा मी जुईचा विचार करत नव्हते. मी कशाचाच विचार करत नव्हते, मला फक्त जगायचं होतं, आणि हे माझ्याबद्दल मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मोहोळ तर नानांनी नंतर उतरवून घेतलं. ही दुसरी भीती मात्र उतरत नाही. अक्काला कळलं तर, यापेक्षाही, अक्काला कळलेलं असेल तर, ही भीती मोठी आहे.

यंदा बिबडे होणार नाहीत असं मी धरून चालले होते. परवा सकाळी अक्काचा निरोप आला, जुईला घेऊन ये. गेले तर अंगणात सिलिंडर आणि मोठी शेगडी. अक्काने चूल सोडली होती. निंबाला झोका टांगलेला होता, आणि शेंड्याजवळच्या फांदीवर जिथे मोहोळ होतं तिथे नुसता एक काळा डाग. तरी मी दर दोन मिनिटांनी वर बघत होते. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. अक्का, जुई आणि मी, तिघींनी मिळून पहिल्या खाटेवर फडकं अंथरायला घेतलं. अक्काच्या भुवईजवळ, जिथे काटा खोल रुतला होता, तिथे एक बारीक खड्डा राहिला आहे. उन्हात तो दिसतो.

मी माझ्या बाजूची कड इतकी आवळून धरली होती की कापड गोळा झालं. “सैल धर, मास्तरीण,” अक्का म्हणाली. “चुण्या पडतीस.” जुईने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढ्याने माझा धीर सुटला. वर्षभर गिळलेलं वाक्य आपोआप वर आलं. “अक्का, त्या दिवशी...”

अक्काने तिच्या बाजूची कड झटकली. थंड पाण्याचे शिंतोडे तोंडावर आले.

“औंदा फडकं मोठं लई उनू,” ती खाटेकडे बघतच म्हणाली. “तिन्ही जनी मावसूत.”

मग ती पातेल्याकडे गेली, झाकण उघडून पीठ ढवळू लागली, आणि शेडमध्ये नानांनी चरक सुरू केला तशी मी दचकले. तिला माहीत आहे का, की ते सहज म्हटलेलं वाक्य होतं, हे मी तिला विचारलं नाही. जुई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून कापडाच्या चुण्या तळव्याने मोडत होती. मी कड सोडून दिली आणि ते फडकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने मोजलं. दोन लुगडी जोडून शिवलेलं होतं. खरंच मोठं होतं, तिघी सहज मावल्या असत्या.

मागच्या वर्षीच्या धोतरातही मावल्या असत्या.