नळीतून दिसणारं आभाळ

सोमवार, १२ ऑगस्ट १९६८. पहाटेपासून पाऊस. चुलीवर टांगलेले कपडे अजून ओलेच. ह्यांचं पत्र नाही. दुपारी चोंदव्वा मावींकडे बांबूच्या कोंबांचं लोणचं पोचवलं. त्यांनी बसवून घेतलं आणि रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं. बोटांचा तेलाचा वास साबणानेही जात नाही.

लग्न होऊन मी कक्कब्याजवळच्या ह्या घरात आले, त्या वर्षीची ही नोंद. नवरा रजा संपवून पलटणीत परत गेला होता. मी मडिकेरीच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. तिथे इंग्रजी कविता, भरतकाम आणि रोज डायरी लिहिण्याची सवय एवढं मिळालं. बंदूक कुणी हातात दिली नव्हती. माझे वडील गणिताचे मास्तर; आमच्या घरची बंदूक भिंतीवरून वर्षातून एकदाच उतरायची, कैलपोळ्दला हत्यारांची पूजा होते तेव्हा. सासरी सगळंच उलटं. इथे जेवण झालं की माणसं सुपारी कातरत बसावं तशी बंदूक पुसत बसायची.

चोंदव्वा मावी माझ्या आत्येसासूबाई. उंच, काटकुळ्या, डोक्याचा रुमाल मानेमागे घट्ट बांधलेला. त्यांचा नवरा, म्हणजे सुभेदार, गेल्यावर त्या माहेरच्या जमिनीवर परतल्या आणि कॉफीच्या मळ्याच्या पार टोकाला, जंगलाला लागून, दोन खोल्यांचं घर बांधून एकट्या राहू लागल्या. सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या नावावर झालं होतं. इंग्रजांच्या काळापासूनच्या सवलतीमुळे आमच्या लोकांना बंदुकीसाठी परवाना लागत नाही, पण रिव्हॉल्व्हरला लागतो. त्या कागदाची घडी त्या देवाच्या फोटोमागे ठेवत.

मी सासरी आले त्या वर्षी गावभर एकच थट्टा चालली होती. रताळ्यांवर डुकरं आली म्हणून मावींनी गोळी झाडली आणि त्यांची स्वतःचीच पाण्याची टाकी फुटली.

"टाकी गंजलेलीच होती," मावी म्हणायच्या. "मी फक्त निकाल लावला."

चुलतसासरे बिद्दय्या घराण्याचे पट्टेदार, म्हणजे कर्ते पुरुष. त्यांना ह्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ते स्वतः येऊन मावींच्या पायरीवर बसले.

"अक्का, आज टाकी फुटली. उद्या पाणी भरायला आलेल्या बाईला लागली म्हणजे?"

"माझ्याकडे पाणी भरायला येतं कोण? मीच भरते."

"म्हणजे तुम्हालाच लागेल."

"मग तुझी कटकट गेली की रे."

बिद्दय्या हसले नाहीत. त्यांनी तिथेच अट घातली. कैलपोळ्दला सगळे नारळावर नेम धरतात, तेव्हा मावींनीही आपल्या रिव्हॉल्व्हरने, सर्वांदेखत, नारळ फोडायचा. फुटला तर ते पुन्हा विषय काढणार नाहीत. नाही फुटला तर रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा, आणि मावींनी हे घर बंद करून मोठ्या घरात राहायला यायचं.

मोठ्या घरात माणसं खूप. तिथल्या म्हाताऱ्या दिवसभर ओळीने बसून तांदूळ निवडत. मावी त्या ओळीकडे बोट करून म्हणायच्या, "ती बघ, कोंबड्यांची खुराडी." त्यांना तिथे जायचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. मला का शिकवायला घेतलं, ते मात्र कळत नव्हतं.

"कॉन्व्हेंटात काय शिकवलं तुला?"

"रुमालाच्या कडा शिवायला, मावी."

"मग ह्या फ्लॅनेलच्या चिंध्या काप. सगळ्या सारख्या. नळीत दाटून जातील अशा, अडकतील अशा नाहीत."

मी कापल्या. त्यांनी एकेक चिंधी बोटांत फिरवून पाहिली. दोन परत दिल्या.

पहिला धडा सफाईचा नव्हताच. पहिला धडा रिकामं करण्याचा. फिरकी बाजूला काढायची, सहाही घरांतली काडतुसं पितळी वाटीत ओतायची, वाटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची आणि परत येऊन प्रत्येक घरात करंगळी घालून पाहायची. "रिकामं आहे असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. आपली करंगळी घालायची." रिकामं झाल्यावरसुद्धा नळीचं तोंड माणसाकडे नाही, मांजराकडेही नाही. माझं बोट एकदा सहज चापावर गेलं, चाप जरा करकरला, तेव्हा मावींनी मनगटावर नळी साफ करायच्या गजाचा फटका दिला. तो अजून आठवतो.

मग गज. त्याच्या टोकाला आधी ब्रश लावून नळीतली काजळी सोडवायची, मग तेलाचा थेंब टाकलेली चिंधी, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. फिरकीची घरंही तशीच. पहिल्या दिवशी तेलाची बाटली सापडेना, म्हणून मी शहाणपणा करून खोबरेल घेतलं. मावींनी चिंधी नाकाला लावली.

"हे काय, त्याची वेणी घालणार आहेस का?"

"तेल तेच ना मावी?"

"थंडीत तुझ्या बाटलीतलं खोबरेल थिजतं का?"

"थिजतं."

"मग ह्याच्या पोटातही थिजेल. आणि ऐन वेळी घोडा पडणार नाही. पूस ते सगळं, परत पहिल्यापासून."

बंदुकीचं तेल मीठदाणीमागे निघालं. तेही थेंबभरच लावायचं, आणि काडतुसांना तर अजिबात नाही. तेल आत मुरलं तर दारू मरते. शेवटी फिरकी उघडी ठेवून नळी दारातल्या उजेडाकडे धरायची आणि मागच्या बाजूने आत पाहायचं. आत आभाळाचा गोल तुकडा दिसायला हवा, स्वच्छ, कडेला चकाकी असलेला. "आभाळ दिसल्याशिवाय काडतूस भरायचं नाही," मावी म्हणायच्या. "हा एकच नियम. बाकीचे विसरलीस तरी चालेल." मग त्या स्वतः नळी डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "आरशासारखी."

पुढे एकदा काडतुसं आणायला आम्ही विराजपेटेला गेलो. बसमध्ये मावींनी माझा दंड धरून ठेवला होता. मला वाटलं, बस हलते म्हणून. दुकानदार, मुत्तण्णा नावाचा एक गोल गरगरीत गृहस्थ, डबी पुढे सरकवून म्हणाला, "घ्या, बत्तीस बोअरची. नवी आलीत, स्वस्तही आहेत."

मावींनी एक काडतूस उचललं, बुडावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि परत ठेवलं. "ही पिस्तुलाची. ह्यांच्या बुडाचा काठ नावापुरताच. माझ्या फिरकीच्या घरांत ती नीट बसायची नाहीत."

"अहो, बत्तीस म्हणजे बत्तीसच की."

"तुझा आणि माझा दंड सारख्याच मापाचा निघाला, तर माझं पोलकं घालशील का?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक खोकत खोकत बाहेर गेलं. मुत्तण्णाने मुकाट दुसरी डबी काढली. मावी मला म्हणाल्या, "वाच बुडावर काय लिहिलंय. आणि नळीवर कोरलेलं तू घरी वाचलं होतंस, ते आठव." नुसता आकडा नव्हे, आकड्यापुढचं नावही जुळायला हवं. मी वाचलं, जुळलं. घरी आल्यावर जुन्या डबीतली काडतुसं काढून हिरवट डाग पडलेली, पोचा आलेली, गोळी सैल झालेली अशी सगळी वेगळी केली. मी पाहायची आणि सांगायची, त्या बोटांनी चाचपून हो म्हणायच्या. जंगलखात्याचा एक ओळखीचा माणूस ती खराब काडतुसं घेऊन गेला. त्या वेळी मला वाटायचं, शिकवण्याची ही एक पद्धतच आहे, सगळं शिष्येकडून वाचून घ्यायचं. आमच्या सिस्टरही तसंच करायच्या.

आज ते दिवस आठवतात तेव्हा पावसाचा आवाज आधी येतो. भर पावसाळ्यातल्या आमच्या कक्कड महिन्याचा तो न थांबणारा पाऊस, चुलीपाशी आम्ही दोघी, मधे पसरलेलं जुनं पोतं, त्यावर गज, ब्रश, चिंध्या, आणि मावींची बडबड. सुभेदार नेमबाजीत कसे कच्चे होते, आणि लग्नानंतर पहिल्याच कैलपोळ्दला मावींनी त्यांना कसं हरवलं. "चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पाचव्या दिवशी म्हणाले, मलाही शिकव."

कैलपोळ्द आला. पेरणी-लावणी संपलेली, उन्हाची तिरीप पडलेली. मोठ्या घराच्या देवघरात समईपुढे सगळ्या बंदुका ओळीने उभ्या, कोयते, सुऱ्या, आणि पुढे पाटावर मावींचं रिव्हॉल्व्हर. आदल्या दिवशी मी ते असं पुसलं होतं की त्यात समई दिसत होती. बिद्दय्यांनी प्रत्येक हत्याराला चंदन लावलं आणि प्रत्येक नळीच्या तोंडात तोकपूचं फूल खोवलं. तोक म्हणजे बंदूक. मराठीत ज्याला कळलावी म्हणतात तेच हे फूल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं. त्या दिवशी त्याच्याशिवाय आमच्याकडे बंदूक उभी राहत नाही. रिव्हॉल्व्हरच्या बारीक नळीतही त्यांनी एक देठ दाबून बसवला.

डुकराचं मटण आणि कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, खाऊन सगळे अंगणात आले. मागे मातीचा उंच बांध, बंदूकवाल्यांसाठी झाडावर लांब बांधलेला नारळ. त्यांचं झाल्यावर मावींसाठी बांधापुढच्या खांबावर एक नारळ ठेवला. बिद्दय्यांनी फूल उपटून काढलं आणि रिव्हॉल्व्हर मावींच्या हातात दिलं.

"अक्का, जवळच ठेवलाय. डोळे मिटून फुटेल."

"मग तूच फोड ना, मिटून," मावी म्हणाल्या. लोक हसले. मावींनी फिरकी उघडली, नळी आभाळाकडे धरली, डोळा लावला. "आरशासारखी." आणि माझ्याकडे वळल्या. "देच्ची, तूही बघ. नियम तो नियम."

मी डोळा लावला. आत अंधार. मला वाटलं, चुकीच्या बाजूला धरलंय. फिरवून पाहिलं, सूर्याकडे तोंड केलं. आभाळ नाही.

"मावी, आभाळ दिसत नाही."

"नीट धर."

"धरलंय. नाहीच दिसत."

मी गज मागितला. गज अर्ध्यावर अडला. जरा दाबल्यावर पलीकडून तुटलेला हिरवा देठ बाहेर पडला आणि त्याच्यामागे चंदनाची ओली गुठळी. तशीच गोळी झाडली असती तर नळी फाटली असती, मावींच्या हातात.

बिद्दय्या देठाकडे बघत राहिले, कारण तो त्यांनीच खोवला होता आणि त्यांच्याच हातून तुटला होता. मग त्यांनी मावींकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही आत्ताच पाहिलंत ना आत?"

मावींनी रुमालाची गाठ उगाच घट्ट केली. "पाहिलं कुठे," त्या म्हणाल्या. "दोन पावसाळे झाले, मी नुसतं डोळ्याला लावते. एका डोळ्यात धुकं, दुसऱ्यात दूध. टाकी कुठे होती ते तरी कुठे दिसलं मला."

मला त्यांचा दंड आठवला, बसमधला. आणि काडतुसावरून फिरणारं ते नख.

"इतके दिवस सांगितलं नाहीत?" बिद्दय्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी खुराड्यात घातलं असतंस. मला वाटलं, पोरीला तयार करू. तिच्या हातांनी वर्षभर निभेल. नारळाचं काय, जवळ ठेवणार हे ठाऊक होतं. तू मनाचा मऊ आहेस."

मावींनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातून घेतलं, सहाही घरांत करंगळी घालून पाहिली आणि ते बिद्दय्यांपुढे धरलं. "घे. अट म्हणजे अट. हत्यार ने ठाण्यात. घर मात्र देणार नाही."

"अक्का, दिसत नसताना त्या जंगलाच्या काठावर..."

"मी राहते त्यांच्याकडे," मी म्हणाले. नव्या सुनेने पट्टेदारांचं बोलणं तोडायचं नसतं. सासूबाईंनी डोळे वटारले ते मला दिसले.

"आणि तुझ्या नवऱ्याला मी काय कळवू?" बिद्दय्यांनी विचारलं.

मावीच बोलल्या. "कळव, बायको आत्याच्या पहाऱ्यावर रुजू झाली. पलटणीतल्या माणसाला पहारा समजतो."

बिद्दय्यांनी खांबावरचा नारळ हातात घेतला, पायरीवर आपटून फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मावींच्या तळहातावर ठेवला. "फुटला," एवढंच म्हणाले.

रिव्हॉल्व्हर ठाण्यात गेलं. पुढे परवाना माझ्या नवऱ्याच्या नावावर झाला आणि ते परत आलं. मैसूरला मावींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं नाक एवढं मोठं आहे हे कुणी सांगितलं नाही मला." त्यांच्या घरी माझी पहिली दोन्ही बाळंतपणं झाली. डुकरं रताळी खात राहिली. गोळी कुणी झाडली नाही. मावी थाळी बडवायच्या.

कैलपोळ्दच्या त्या संध्याकाळी मी ट्रंक घेऊन त्यांच्याकडे आले. कंदिलाशी बसून डायरीत शेवटी लिहिलं: मावींकडच्या दुसऱ्या खाटेची नवार सैल आहे, सकाळी ओढून बांधायची.