सोळा स्क्रू आणि सोड्यांचा डबा

आमच्या सूनबाईंचा उजवा हात कधीही सैल नव्हता.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. माझं वय आता शहात्तर. या वयात माणसं मृत्युपत्र करतात. माझ्याकडे वाटण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे मी कबुलीजबाब देतो आहे. सैल होती ती स्पीकरच्या पेटीची मागची फळी. तिला सोळा स्क्रू होते आणि त्यांतले बारा मी काढून ठेवले होते. (कुठे ठेवले, तेही सांगून टाकतो. चष्म्याच्या जुन्या डबीत. गुन्हेगार किती नीटनेटका होता, हेही नोंदीत असावं.)

मी आगरदांड्याच्या धक्क्यावर कारकून होतो. निवृत्तीनंतर मुरूडजवळ आमच्या गावी येऊन राहिलो. मुलगा नीलेश बंदरात पाळीवर क्रेन चालवतो. त्यानं पनवेलच्या प्रणालीशी लग्न केलं. मुलगी शाळेत शिक्षिका, शांत, मोठ्यांपुढे आवाज न चढवणारी. तिच्या वडिलांनी बोलणी चालू असतानाच सांगितलं होतं, "तिला संगीताची आवड आहे." आम्हाला वाटलं, भावगीतं.

लग्नानंतर महिन्याभरात मांडव्याहून टेंपोनं तिचं संगीत आलं. एक काळी, टोकदार गिटार आणि दोन काळ्या पेट्या. खालची पेटी चार माणसांनी उचलली.

आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमननं, पेटीला प्रदक्षिणा घातली. "अगो, ह्यो फ्रीज कशाला आणलास? आपल्याकडं हाय की!"

"आई, हा स्पीकर आहे. आणि हा वरचा अ‍ॅम्प. व्हॉल्व्हचा."

व्हॉल्व्ह! माझे कान टवकारले. लहानपणी आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याला दोन थपडा मारून बातम्या चालू करायचं काम माझ्याकडे असे. तेवढ्या अनुभवावर मी त्याच क्षणी घरातला तज्ज्ञ झालो. (पुढे जे झालं त्याला माझं हे तज्ज्ञपणही जबाबदार आहे.)

प्रणाली जे वाजवायची त्याला थ्रॅश मेटल म्हणतात. अतिशय वेगानं आणि अतिशय रागानं वाजवायचं संगीत. राग कोणावर, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्या दिवशी तिनं बटणं फिरवली, तळहाताची कड तारांवर टेकवली आणि हात चालवला. चग-चग-चग-चग! सुमनच्या हातातलं पातेलं पडलं. ते पडल्याचं सुमनलाही ऐकू आलं नाही.

"बाबा, मोठा आवाज कोणीही काढेल," ती मला समजावत होती. "आवाज घट्ट पाहिजे. गेन म्हणजे आवाजातली खरखर. तो लोकांना वाटतो तेवढा लागत नाही, उलट कमी करायचा. बेस पण कमी. अ‍ॅम्पच्या आधी हे पेडल, याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण. मग नोट जन्मली की लगेच मरते. मागे काही उरत नाही."

"दशक्रियाही नाही?"

"काहीच नाही!" ती हसली. आमच्या घरात ती पहिल्यांदा मोकळी हसली ती या प्रश्नावर. ते हसू मला आता आठवतं तेव्हा खाली बघावंसं वाटतं.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून भिवया वर केल्या. "मीठ कमी. आणि सुकी मासळी पूर्ण बंद." समुद्रापासून तीनशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे श्वास घ्या पण हवा नको, असं सांगणं. सुमननं त्याच संध्याकाळी घरातले सोडे, जवळा, बोंबील सगळं नणंदेकडे पाठवून दिलं. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. मी ते तव्यावर नुसते परतून, मूठभर, कोणी बघत नसताना खात असे.

मी गुपचूप नवे सोडे आणले. प्रश्न होता ते लपवायचे कुठे! तांदळाच्या डब्यात लपवले, सुमननं शोधले. गादीखाली लपवले, शोधले. संडासाच्या छपरावर ठेवले, कावळ्यांनी शोधले. शेवटी माझी नजर मागच्या खोलीतल्या त्या काळ्या पेटीवर गेली. सूनबाईंनी हात जोडून सांगितलं होतं, "एवढ्या वस्तूला प्लीज कोणी हात लावू नका." म्हणजे घरातली एकमेव अशी जागा, जिथे कोणीही हात लावणार नाही!

ती शाळेत गेल्यावर मी मागची फळी उघडली. आत कापसासारखं काहीतरी मऊ लावलेलं होतं. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असा बसला, जणू कारखान्यानं त्याच्यासाठीच जागा सोडली होती. झाकण घट्ट, वासाचा प्रश्न नाही. फक्त रोज सोळा स्क्रू काढायचे आणि सोळा लावायचे, हे या वयात मनगटाला झेपेना. पहिल्या आठवड्यात मी बारा लावू लागलो. दुसऱ्या आठवड्यात आठ. नंतर चार, चार कोपऱ्यांना. फळी पडत नव्हती ना? मग झालं!

त्यानंतर प्रणालीचा आवाज बिघडला.

चग-चग-चगच्या जागी भद-भद-भद येऊ लागलं. नोट मरेनाच. मेल्यावरही घरात रेंगाळायची. वर एक बारीक झर्र. ती कपाळाला आठ्या घालून बटणं फिरवायची. बेस आणखी कमी केला. गेन आणखी कमी केला. जाड तारा आणल्या. मुंबईहून नवे व्हॉल्व्ह मागवले. आणि घरातल्या तज्ज्ञाला विचारलं.

"बाबा, काय असेल हो?"

"व्होल्टेज," मी म्हणालो.

आम्ही स्टॅबिलायझर आणला. भद-भद-भद.

"खारी हवा," मी म्हणालो.

तिनं सगळ्या तारा-जोडण्या पुसून काढल्या. भद-भद-भद, झर्र.

शेजारचे हमीदभाई जहाजावर इंजिन खोलीत वीस वर्षं काम करून आलेले. ते एकदा कुंपणापाशी कान देऊन उभे राहिले. "भाऊ, तुमच्या सुनेच्या मशीनचा कुठला तरी नट ढिला हाय."

मी कुंपणाकडे सरकलो. "ते संगीत आहे, हमीदभाई."

"संगीत असेल. पण पत्रा वाजतोय. मी शंभर इंजिनं ऐकलीत. चला, मी बघतो, पाना आणतो."

"नको! चहा घ्या."

"मी आत्ताच प्यायलो."

"अजून एक घ्या!" मी त्यांना दोन कप चहा पाजून वाटेला लावलं. त्यांना साखरेचा त्रास होता. (हाही एक गुन्हा, नोंद करून ठेवतो.)

मग मांजर आली. घरची मनी, जिनं कधी कोणाकडे ढुंकून पाहिलं नाही, ती रोज पेटीमागे येऊन बसू लागली. डोळे मिटून, मान वर करून, तपाला बसल्यासारखी. सुमन म्हणाली, "बघा, मुक्या जिवाला बी सूर कळतो." प्रणालीनं मनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "निदान हिला तरी माझं वाजवणं आवडतंय."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही, कारण तोंडात सोडे होते.

हे सगळं खेळण्यावारी चाललं असतं तर गोष्ट वेगळी. पण नवी मुंबईतल्या एका बँडला दुसरा गिटारवादक हवा होता. प्रणाली कॉलेजात होती तेव्हापासून ती त्या बँडकडे डोळे लावून बसली होती. तिनं रेकॉर्डिंग पाठवलं. फोन आला. तिनं फोनचा स्पीकर चालू केला होता.

"स्पीड मस्त आहे. पण लो एंड, खालचे सूर, फार लूज येतायत गं. उजवा हात टाइट नाहीये."

"हो. मी करते प्रॅक्टिस," ती म्हणाली.

आणि तिनं केली. शाळेतून आल्यावर तीन-तीन तास, टिकटिक करून लय दाखवणारा मेट्रोनोम लावून. मनगट सुजलं. सुमन तिला हळद लावून द्यायची. नीलेश म्हणाला, "अगं, आधी तर बरा येत होता आवाज." त्यावर ती म्हणाली, "आधीही सैलच असेल. मला ऐकू येत नसेल." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. एकच पान चाळीस मिनिटं.

शेवटी बँडमधले दोघं स्वतः आले. पेटी उचलून नेणं शक्य नव्हतं, म्हणून तेच बोटीनं मांडव्याला उतरून, तिथून गाडीनं आमच्या दारात. लांब केस, काळे बनियन, त्यावर कवट्या. आल्या आल्या दोघांनी वाकून आमच्या पायाला हात लावला.

"सुखी राहा," सुमन म्हणाली. "पण बाळांनो, अंगावर मयत कशाला?"

जेवणं झाली. प्रणाली गिटार घेऊन उभी राहिली. मी त्याआधी पेटी रिकामी करायला गेलो होतो, खोटं नाही सांगत! पण सकाळपासून ती त्या खोलीतून हललीच नव्हती. तिनं वाजवलं. मला संगीत कळत नाही, पण तिच्या मनगटाकडे बघत होतो. ते शिलाई मशीनच्या सुईसारखं चाललं होतं, एक टाका इकडे तिकडे नाही. आणि पेटीतून येत होतं भद-भद-भद, झर्र.

त्यांतला दाढीवाला, सिद्धेश त्याचं नाव, जमिनीकडे बघत राहिला. प्रणाली थांबली. ती वळली ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

"बाबा, पेटीतच काही वाजतंय का हो? मागची फळी उघडून बघू का एकदा?"

खोलीत पाच माणसं आणि एक मांजर. सगळे माझ्याकडे बघत होते. (मांजर पेटीकडे.) सुमन माझ्या शेजारी उभी. डब्यात अर्धा किलो सोडे.

"उघडू नकोस," मी म्हणालो. "मी कालच बघितली. पेटी ठणठणीत आहे." एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता खोटारडा ठरलो असतो. पण मी तज्ज्ञ होतो. मी पुढे म्हणालो, "हाताचंच असेल बाळा. वळण लागायला वेळ लागतो."

ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतल्याचा निरोप आला. प्रणालीनं गिटार माळ्यावर ठेवली. घरात इतकी शांतता झाली की सुमनला झोप येईना. त्या शनिवारी मी पेटी उघडली, डबा काढला, सोळाच्या सोळा स्क्रू आवळले आणि सोडे हमीदभाईंच्या घरी देऊन आलो. प्रायश्चित्त म्हणून. (त्यांच्या बायकोनं छान सुकं केलं होतं. मला बोलावलं. मी गेलो.)

सात-आठ महिन्यांनी तिनं गिटार खाली काढली. सहज. हात चालवला. चग-चग-चग-चग! नोट जन्मली आणि मेली. ती थबकली. पुन्हा वाजवलं. मग धावत बाहेर आली, डोळ्यांत पाणी.

"बाबा! आला! आवाज घट्ट आला! म्हणजे ते खरंच बोलत होते. माझा हातच सैल होता. एवढी प्रॅक्टिस केली ना, ती आत मुरली!"

मी म्हणालो, "छान."

माणसानं कबुलीजबाब देण्याआधीच दुसऱ्यानं त्याला निर्दोष सोडलं, तर तो काय करतो? मी तरी निर्दोष राहिलो. सहा वर्षं. ती गावातल्या मुलामुलींना शनिवारी गिटार शिकवू लागली आणि दर नव्या तुकडीला तीच गोष्ट सांगू लागली. "माझा हात खूप सैल होता. मला बँडनं नाकारलं ते बरोबरच होतं. विचारा आजोबांना." आणि आजोबा झोपाळ्यावरून मान हलवायचे. चार तुकड्यांना हलवली. गेल्या महिन्यात पाचव्या तुकडीतली एक मुलगी हे ऐकून घाबरून म्हणाली, "टीचर, मग तुम्हाला आधी कधीच कळलं नाही की तुम्हाला येत नाही?" आणि प्रणाली म्हणाली, "नाही कळलं. अजून कधी कधी वाटतं, आताही कळत नसेल."

त्या दिवशी मान हलेना.

मुलं गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. डबा, कापूस, बारा स्क्रू, चष्म्याची डबी. सुमन दारात उभी राहून ऐकत होती. सगळं संपल्यावर पहिला प्रश्न तिचा आला. "सोडे कुणाकडनं घेतलेत?"

प्रणाली आतून फोन घेऊन आली. तिनं सिद्धेशचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. कवटीवाल्या माणसापुढे मी शहात्तराव्या वर्षी सगळं परत सांगितलं.

"काका, म्हणजे तिचा हात तेव्हाही टाइट होता?"

"होता."

"बँड मोडला आमचा. चार वर्षं झाली. ज्याला घेतला ना, त्याचा हात खरंच सैल होता."

मी फोन ठेवला. प्रणाली समोर बसली होती. आपलाच उजवा हात मांडीवर ठेवून, उलटसुलट करून बघत होती, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण आमच्या सूनबाई मोठ्यांपुढे आवाज चढवत नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "सात वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं गं."

"मग?"

"मग जेवायची वेळ व्हायची."