सात नंबरच्या मागे: एपीएमसी, नावडे, करावे

लोक शनिवार-रविवार जोडून अलिबागला जातात, माथेरानला जातात. मी भंगारात जाते. हेल्मेट घालून दारात उभी राहिले तशी आई स्वयंपाकघरातून ओरडलीच, "आज बी लोखंडच का?"

"व्हय," मी तिच्याच सुरात म्हटलं.

"लोकांच्या लेकी सोनं आणत्यात."

"सोनं गंजत नाही गं. मग त्यात मजा काय?"

नव्याने ब्लॉगवर आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. राहते कोपरखैरण्यात, नोकरी बेलापूरला, परचेस डिपार्टमेंटमध्ये. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील एपीएमसीत माथाडी होते, कांद्याची पोती वाहून त्यांनी हे घर केलं. लग्नाचं राहून गेलं. मला छंद आहे तो जुने वाइस जमवायचा. वाइस म्हणजे वर्कशॉपच्या टेबलाला बोल्टने आवळलेला लोखंडी शिकंजा. दांडा फिरवला की त्याचे दोन जबडे जवळ येतात आणि तुकडा असा धरतात की मग खुशाल कानस मारा, तो हलायचा नाही. मी ते भंगारातून उचलते, डिझेलमध्ये भिजवते, घासते, रंगवते, परत चालते करते. आमची बाल्कनी त्यांनीच भरली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना स्लॅबचं टेन्शन आहे, पण माणूस चांगला आहे.

या वेळी मात्र नुसता जुना वाइस नको होता. मला सात नंबर हवा होता.

दहावीनंतर मी आयटीआयला फिटर ट्रेड घेतला. वर्गात मुलगी मी एकटी. पहिल्याच दिवशी सरांनी वाइसची उंची बघायला शिकवलं. वाइससमोर ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर जबड्याच्या माथ्याला टेकलं की उंची बरोबर. माझं कोपर कुठलं टेकतंय! मी बुटकी, तोंडच जबड्याला लागायचं बाकी होतं. आमची टेबलं दुहेरी, मध्ये तारेची जाळी, समोरासमोर वाइस. माझा सात नंबर, समोर आठ. आठवर होता नंदू, करावे गावचा, ताडासारखा उंच. त्याला वाइसपर्यंत पोचायला कमरेत वाकावं लागत होतं. त्याने काही न विचारता पाना घेतला, माझ्या वाइसखालचा लाकडी ठोकळा काढला आणि स्वतःच्या वाइसखाली घातला. सर शिव्या द्यायला आले, दोघांची कोपरं बघितली आणि पुढे गेले.

दोन वर्षं आम्ही त्या जाळीच्या दोन बाजूंना कानस मारत उभे होतो. माझी कानस घसरली की तो न बघता म्हणायचा, "खांदा सैल सोड." बस, एवढंच. मला तो आवडायचा. फार आवडायचा. मी बोलले नाही, तोही बोलला नाही. मग मी महापेच्या एका कंपनीत लागले, तो बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला आणि बोलायची वेळ निघूनच गेली.

तर आमच्या वर्कशॉपचे जुने वाइस लिलावात निघाल्याची बातमी मला फार उशिरा कळली, तीही जगूमामांकडून. मामा वडिलांचे जोडीदार. आता पोती उचलणं झेपत नाही, म्हणून मार्केटबाहेर हातगाड्या दुरुस्त करतात. फोनवर म्हणाले, "एक शिकंजा हाय बघ, लई वर्सामागं घेतलेला. त्यावर नंबर घातलाय, तुमच्या शाळंचा हाय म्हनत्यात." मी तिथेच कुठला नंबर ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तेवढीच एक रात्र आशेवर काढता आली.

पहिला थांबा, एपीएमसी. कांदा-बटाटा मार्केटच्या बाजूने गाडीवर जाणार असाल तर सकाळी लवकर जा किंवा जाऊच नका. ट्रक एकदा आडवा लागला की तुमचं काही खरं नाही. गेटजवळच्या टपरीवर वडापाव आणि कटिंग घ्या, मिरची मागून घ्या. मामांचा वाइस बघितला. आमच्याच वर्कशॉपचा होता, पांढऱ्या रंगात नंबर. अकरा.

"हिरमुसलीस व्हय गं?" मामा म्हणाले. "आगं, माल समदा तवा नावड्याला गेलता. मी तितनंच उचलला. जा की, बघ."

नावड्याला जायला ठाणे-बेलापूर रोडने निघा, पुढे हायवे धरून कळंबोली, तिथून तळोज्याकडे वळा. कळंबोलीनंतर टँकर आणि ट्रेलर तुम्हाला रस्ता देणार नाहीत, तुम्हीच द्या. एमआयडीसीचा वास सुरू झाला की समजायचं, आलं. भंगारची गोडाऊनं रस्त्याला लागूनच आहेत. माल किलोवर मिळतो. भाव आधी ठरवा आणि "रिपेअरिंगसाठी हवाय" असं चुकूनही बोलू नका, तोंड बघून भाव चढतो. घेताना दांडा हळू फिरवा. दांडा बराच फिरून मग जबडा हलत असेल तर आतला नट झिजलाय. हातोडीने हलकं वाजवून बघा. आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, सोडून द्या.

माझे तिथले ठरलेले दुकानदार म्हणजे चाचा. मला "लोहा मॅडम" म्हणतात.

"आयटीआयवाला लॉट?" त्यांनी डोकं खाजवलं. "मॅडम, वो तो कबका खतम. बराचसा भट्टीला गेला."

"सगळा?"

"थोडे लोक घेऊन गेले ना. एक लंबू आला होता, करावेचा. बोटीवर काम करतो म्हणाला. दोन दिवस पूरा ढीग उलटा करत बसला. मी बोललो, अरे भाई, कोई भी ले, सब एक जैसे हैं. बोलला, नाही, सात आणि आठच पाहिजे."

मी तिथल्या एका ड्रमवर बसले. चाचांनी चहा मागवला. ऊन लागलं असेल असं त्यांना वाटलं. मीही तसंच म्हटलं.

आठ त्याचा होता, ठीक. सात कशाला?

रविवारी करावे. पामबीच रोडने सीवूड्सपर्यंत या आणि टॉवरच्या पलीकडे आत वळा. रस्ता एकदम अरुंद होतो, खाडीचा वास येतो, जाळी वाळत घातलेली दिसतात. गाडी बाहेरच लावा. "बोटीवर काम करणारा उंच नंदू" एवढ्यावर घर सापडलं. दारात त्याची बायको मासे साफ करत बसली होती. वनिता. चांगली उंच, हाडापेराने मजबूत.

"कोन पायजे?"

मी सांगितलं, नंदूच्या बरोबर आयटीआयला होते, जुने वाइस जमवते, इथे आहेत असं कळलं.

"ते बोटीवर हान. दिवालीनंतर येतील." तिने हात धुतले आणि मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं. "या, मागं हाय त्यांचा कारखाना."

मागे पत्र्याची शेड होती. एक दुहेरी टेबल, समोरासमोर दोन वाइस. आठ नंबर ठोकळ्यावर ठोकळा घालून उंच बसवलेला. सात नंबर थेट फळीवर, खाली काही नाही. दोन्ही ग्रीस लावून पुसलेले. आठच्या जबड्यावर कामाच्या खुणा होत्या. सातच्या आसपास लोखंडाचा एक कीससुद्धा नव्हता. मध्ये त्याने जाळी लावली नव्हती.

"दसऱ्याला दोगांनाबी हार घालतात," वनितावहिनी म्हणाल्या. "काम करतात ते आठवर. सातला पुसून ठेवतात फकस्त. मी बोलली, ह्यो वर घ्या, मना कोयत्याला धार लावाला बरं पडंल, तितं वाकून माजी कंबर मोडते. बोलले, ऱ्हाऊ दे. मी बोलली, आपल्या घरान एवढं बुटकं कोन हाय? तर हसले."

मी सातचा दांडा उगाच अर्धा फिरवला.

"उबं ऱ्हा बगू तितं. मूठ धरा. मना शिकवलंय त्यांनी."

मी उभी राहिले. मूठ हनुवटीखाली धरली. कोपर जबड्याला टेकलं, केसाचाही फरक नाही.

"मना वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मग घराकडे वळत, "भाकरी टाकते. जेवून जा."

तांदळाची भाकरी, बोंबील आणि कैरीचं सार. पैसे देऊन असं जेवण कुठे मिळणार नाही. वहिनी समोर बसल्या होत्या, रागावलेल्या नव्हत्या. तेच कठीण जात होतं.

"मी तुमाला काय बोलत नाय, ताई. तुमी काय केलाव? काय नाय. त्यांनीबी काय केला नाय. चांगला मानूस हाय. पन मी रोज झाडू मारते तितं. रोज त्या मोकल्या जागेला वलसा घालून मारते." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. "न्यायला आलाव ना? न्या."

आता खरं सांगते. अर्ध्या तासापूर्वी मला तो हवा होता. शेडमध्ये उभी राहिले आणि नकोसा झाला. इतकी वर्षं कुणीतरी माझ्या उंचीची जागा धरून ठेवली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. तिथे होता तोवर ती जागा माझी होती. उचलून घरी नेला की माझ्याकडे एक वाइस होणार, बाकी काही नाही. "राहू दे, वहिनी" हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण त्यांच्याकडे बघितलं आणि बोलवेना. त्या घरात रोज राहणार होत्या त्या, मी नव्हे.

मी पाना मागितला. बोल्ट गंजले नव्हते, दरवर्षी तेल पाजलेलं. सुटायला काहीच त्रास झाला नाही. थोडा व्हायला हवा होता.

गाडीच्या फूटबोर्डवर गोणपाटात गुंडाळून बांधला. निघताना वहिनी मागे आल्या. "ताई, ते आले की ती जागा उगडी दिसंल. तितं काय लावू?"

"तुमच्या उंचीचा देते," मी बोलून गेले.

पुढच्या रविवारी परत करावे. माझ्याकडचा सगळ्यात देखणा वाइस निवडला, हिरव्या रंगाचा, दांडा नुसत्या बोटाने फिरणारा. एका इंजिनिअरने तो दोनदा मागितला होता, मी दिला नव्हता. शेडमध्ये वहिनींना उभं केलं. त्यांची मूठ जरा पुढे येत होती, ती धरून हनुवटीखाली आणली. एक ठोकळा घातला, कमी पडला. दुसरा घातला, कोपर टेकलं. बोल्ट आवळले. त्यांनी दांडा फिरवला, कोयता जबड्यात धरला, कानस कशी धरायची ते विचारलं. मी समोर आठ नंबरच्या बाजूला उभी राहून दाखवलं.

"हात भरून येतो की ओ," त्या म्हणाल्या.

"खांदा सैल सोडा," मी म्हटलं.

परत येताना त्यांनी सुक्या जवळ्याची पिशवी दिली. खर्चाचं विचाराल तर पेट्रोल आणि चहापाणी धरून दोन्ही वीकेंड मिळून हजाराच्या आतच झालं. नावडे आणि करावे एका दिवसात करू नका, माणूस दमतो.

आता सात नंबर आमच्या बाल्कनीत आहे. घासायचं काही नव्हतंच, त्याने सगळं ठेवलं होतं. नुसता बसवला, माझ्या उंचीला. समोर ग्रिल आहे आणि त्यावर आईची लुगडी वाळत असतात. काल संध्याकाळी पितळेचा एक तुकडा लावून कानस मारत होते, तेव्हा वहिनींकडून एक फोटो आला. नंदू सुट्टीवर लवकर आलाय. शेडमध्ये तो आठवर वाकलाय, समोर हिरव्या वाइसवर त्या. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, कामात आहेत. फोटो घरातल्या कुणीतरी काढला असावा. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

आई चहा घेऊन आली. "घावला न्हवं तुझा सात नंबर? मग त्वांड का उतरलंय?"

"घावला गं," मी म्हटलं.

आईला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. मला आठ नंबर हवा होता.