नाव न घेता

चिठ्ठी हातात आली की आत्या ती ओठ हलवत वाचायची, वरचं नाव पुन्हा एकदा बघायची, गोळ्या पाकिटात घालायची आणि म्हणायची, "प्रार्थनेत आठवण ठेवीन हो." औषधांच्या दुकानात तिने तेवीस वर्षं काढली. त्यात हे वाक्य एक दिवसही चुकलं नाही, आणि गिऱ्हाइकांना त्याचं बरंच वाटायचं.

ती आठवण बुधवारी बाहेर पडायची. चर्चमागच्या खोलीत महिला मंडळ भरायचं. आत्या उठायची, डोळे मिटायची, आवाज खाली आणायची. 'एका भावासाठी, पुन्हा प्यायला लागलाय.' 'एका लेकीसाठी, दिवस गेलेत, लग्न व्हायचंय.' नाव कधीच नाही. त्याचा तिला अभिमान होता. घरी जाताना बायका रस्ताभर नावं लावत बसायच्या.

माझी आई, म्हणजे तिची भावजय, आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. अकरा मुलं होती. आईला तरुणपणी आकडी यायची. गेली नऊ वर्षं आली नव्हती, तरी रोजची गोळी चालू होती. ती दोन बस बदलून लांबच्या दुकानातून आणायची, आणि का ते घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा ते काम माझ्याकडे आलं. मी आळस केला आणि आत्याच्या दुकानात गेले.

त्या बुधवारी मी मागच्या बाकावर होते. आत्या उठली. "आपल्यातल्या एका बहिणीसाठी. नाव घेत नाही. तिला आकडी येते आणि तिच्या भरवशावर लोकांची लेकरं असतात. प्रभूने लेकरांना सांभाळावं." सगळ्यांनी आमेन म्हटलं. सवयीने मीही.

सोमवारी चार मुलं आली. बाकीच्यांच्या आज्या अचानक गावाहून आल्या होत्या.

आई दुकानात गेली. "वन्सं, माझ्यासाठी प्रार्थना केलीत म्हणे."

"केली ना. नाव नाही घेतलं हो."

"अकरा जोडी छोट्या चपला कोणाच्या दारात असतात, ते कळायला नाव कशाला लागतं?"

"म्हणजे आता तुझ्यासाठी प्रार्थनाही करायची नाही?"

"करा. दार लावून करा."

आत्याने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.

प्रभूला आईची आकडी आधीच ठाऊक होती. ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांनाच ती सांगितली गेली. गुडघ्यांवर बसून केली तरी चहाडी ती चहाडीच, आणि तिच्यात देवाचं नाव गोवलेलं असतं म्हणून ती मला जास्त घाण वाटते. चर्चच्या पाळकांना आईने हे सगळं चहा पिता पिता सांगितलं. त्यांनी मंडळात नियम केला. दुसऱ्याबद्दल काही वाटलं तर आधी त्याच्या घरी जायचं, एकटीने. इथे प्रत्येकीने फक्त स्वतःसाठी मागायचं.

त्यानंतर आत्या बुधवारी येऊन बसायची, पण उठायची नाही. स्वतःसाठी मागण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. आमच्या घरीही ती आली नाही. सुट्ट्या लागेपर्यंत दोनच मुलं उरली. आईने छोट्या सतरंज्या धुऊन, वाळवून माळ्यावर टाकल्या आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली.

दोन वर्षांनी लांबच्या दुकानात आईच्या पुढे रांगेत आत्या उभी होती. आईला पाहताच तिने चिठ्ठी छातीशी धरली. पण दुकानदाराने गोळ्या काचेवर ठेवल्या होत्या, आणि त्या कशाच्या ते आईला कळलं. आईने हे तेव्हा आम्हालाही सांगितलं नाही. अकरा महिन्यांनी आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा मंडळाला कळलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आई तिला भेटायला निघाली. मी तिला नुसती सोडायला गेले होते. खोली तळमजल्यावर, रस्त्यालगत. आईने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, "वन्सं, प्रार्थना करू का?"

आत्याने मान डोलावली. मग हाताने भिंतीकडे दाखवलं.

"आधी ती खिडकी लाव. बाहेर ऐकू जातं."