नकाशात नसलेलं बेट

जर्मनीत कोलोनला जाताना ट्रेनमध्ये शेजारी एक कॅरिबियन आजोबा बसले होते. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. दोन पायांत दोन रंगांचे मोजे आणि डबाभर ऐकू जाणारं हसू.

"भूगोलच का निवडलात?" मी विचारलं.

"शाळेतल्या नकाशात आमचं बेटच नव्हतं. बाई म्हणाल्या, पेनाने ठिपका दे. पुढे जर्मनीत शिकवायला लागलो, पण दर सुट्टीत जाऊन त्या ठिपक्यातला ओढा न् ओढा मोजला. आता त्या शाळेत माझा नकाशा आहे. तुमचं गाव कोणतं?"

"छोटंसं आहे, तुम्हाला माहीत नसेल."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच त्याचा नकाशा काढा," म्हणत त्यांनी वही पुढे केली.

मी नदी काढली, देऊळ काढलं. विहीर कुठे, आठवेना. आईला फोन लावला. ती उत्साहाने सांगत सुटली आणि आजोबा न कळणारं मराठी कान देऊन ऐकत राहिले.